गावच्या ग्रंथालयात वंचितांचे वाङ्मय : मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी

(कोल्हापूर येथे ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयांच्या बाबतीत कोल्हापूरला बाहेरून कोणी येऊन उपदेश करावा अशी स्थिती नाही. आज करवीर नगर वाचन मंदिर या नावाने ओळखली जाणारी संस्था १८५० साली ‘कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून सुरू झाली. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि असा कायदा करण्याचा देशातील पहिला मान मिळविला. मद्रास प्रांताचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी झाला, तर महाराष्ट्र राज्याचा १९६७ साली. तेव्हा गावाला ग्रंथालय हवे की नको, हा वाद या जिल्ह्यात केव्हाच मिटलेला आहे. विचार करावयाचा आहे तो ग्रंथालयाच्या कपाटाचा.

खेड्यातील एखाद्या शासनमान्य ग्रंथालयाचे कपाट उघडून पाहावे. ऐतिहासिक कादंबऱ्या असतात, थोरांची चरित्रे असतात, रहस्यकथा, पाककृती, पोथ्या आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तके असतात. यांत वावगे काही नाही. वाचकांना जे हवे ते ठेवलेच पाहिजे. परंतु त्याच गावात राहणारी, गावाबाहेर माळावर पाले ठोकणारी आणि गळीत हंगामापुरती शिवारात उतरणारी जी माणसे आहेत, त्यांपैकी कितीजणांचे जिणे त्या कपाटात आढळते? आणि आढळलेच, तर ते कोणी लिहिलेले असते?

हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) शिक्षकवर्गाच्या विशेष परिचयाची आहे. धनगरांच्या वाडीवर शाळा चालविण्यासाठी आलेला तरुण मास्तर ती वाडी पाहतो, तिच्यावर माया करतो आणि तिच्याविषयी सांगतो. मराठीतील ती एक उत्तम कादंबरी आहे, यात शंका नाही. पण त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९८० साली, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले आणि दृष्टीची दिशाच उलटली. येथे मास्तर वाडीकडे पाहत नाही, तर पालातून आलेले मूल मास्तरांकडे, शाळेकडे आणि गावाकडे पाहते. माने कैकाडी समाजातले. टोपल्या, कणग्या विणणारा हा समाज. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे कुटुंब, आणि काही झाले तरी पोराला शाळेत घालायचेच अशा हट्टाला पेटलेला बाप. प्रत्येक मुक्कामाला शाळा बदलणार, प्रत्येक शाळेत ते मूल पुन्हा नवे आणि पुन्हा परके. पट तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ‘गळती’ या शब्दामागे काय असते हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याने अहवालाबरोबर हे पुस्तकही वाचावे. १९८१ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. ‘बनगरवाडी’ आणि ‘उपरा’ ही दोन्ही पुस्तके कपाटात शेजारीशेजारी असावीत. एकामुळे दुसरे अधिक चांगले कळते.

या प्रकारची पुस्तके खरेदीच्या यादीत का घालावीत, याचे एक कारण कोल्हापूरच्या इतिहासातच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातील अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पोलीस पाटलाकडे किंवा चावडीवर नित्य हजेरी द्यावयाची, विनापरवाना गाव सोडावयाचे नाही, असा तो जाच होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची ही हजेरी बंद केली. पारध्यांना त्यांनी आपल्या पदरी कामावर ठेवले. ब्रिटिशांचा तो कायदा देशात रद्द होण्यास मात्र १९५२ साल उजाडावे लागले. शाहूजयंतीच्या भाषणांत या निर्णयाचा उल्लेख असतोच, परंतु हजेरी म्हणजे प्रत्यक्षात काय हे त्या भाषणांतून कळत नाही. ते कळते लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ मधून आणि भीमराव गस्ती यांच्या ‘बेरड’ मधून. ही दोन्ही पुस्तके १९८७ सालची. गायकवाड लातूर भागातले. रात्री-अपरात्री घरात शिरणारे पोलीस, मार, चोरीवाचून दुसरा धंदा कोणी करू न देणे आणि त्यातून घराण्यातला पहिला मुलगा शाळेची पायरी चढणे, हे सारे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. गस्ती तर आपल्या सीमेलगतच्या बेळगाव भागातले. बेरड समाजावर पडणारा चोरीचा आळ आणि त्याविरुद्धचा लढा त्यांनी लिहिला, आणि देवदासी प्रथेविरुद्ध या सीमाभागात पुढे अनेक वर्षे काम केले. गडहिंग्लज, चंदगड, कागल, आजरा या तालुक्यांतील ग्रंथालयांत ‘बेरड’ नसेल, तर ती उणीव आधी भरून काढावी.

दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’ (१९८३) याच मालिकेतले, परंतु तुलनेने कमी वाचले गेलेले. भल्या पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जोशी सर्वांनी पाहिलेला आहे. त्याला सुपातले मूठभर धान्य घातले की गावाचा त्याच्याशी संबंध संपतो. तो पिंगळा तेथून कोठे जातो, त्याची मुले काय खातात, हे ‘गबाळ’ सांगते. विमल मोरे यांचे ‘तीन दगडांची चूल’ हेच भटके जीवन स्त्रीच्या बाजूने दाखविते. तीन दगड मांडले की संसार सुरू आणि ते उधळले की पुढचा मुक्काम, हे शीर्षकातच आलेले आहे.

दलित आत्मकथनांत दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे आरंभीचे आणि आजही अग्रक्रमाने घेण्याजोगे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आणि माधव कोंडविलकर यांचे ‘मुक्काम पोस्ट : देवाचे गोठणे’ ही त्यानंतर वर्षभरात आली. कोंडविलकर स्वतः शिक्षक होते. एकाच शाळेत एकाच पगारावर काम करणाऱ्या दोन शिक्षकांना गाव दोन तऱ्हांनी कसे वागविते, हे त्यांच्या रोजनिशीत वाचावयास मिळते, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावर चर्चा झाली तर ती निष्फळ होणार नाही.

स्त्रियांच्या लेखनाकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे एक लहानसे दुकान चालवीत. त्या दुकानात बसूनच, घरच्यांच्या नजरेआड, त्यांनी आपल्या समाजाची कहाणी लिहून काढली आणि कित्येक वर्षे लपवून ठेवली. ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ‘मी’ फार थोडी आहे, ‘आम्ही’ अधिक. महारवाड्यातले सण, बाळंतपणे, सासुरवास, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने पेटून उठलेल्या बायका. समाजातील पुरुषांनी समाजातील स्त्रियांना कसे वागविले, हेही त्यांनी टाळलेले नाही. शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही एका शिक्षिकेची कथा आहे. प्राथमिक शिक्षिका म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात त्या शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) कोकणातले. आई विणीत असलेल्या बांबूच्या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. महिला बचतगटाच्या बैठकीत यांपैकी एखाद्या पुस्तकाची दहा पाने वाचून दाखवावीत. वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांकडेच सांगण्यासारखे अधिक असते, असा अनुभव येतो.

अण्णाभाऊ साठे यांची गोष्ट वेगळी. ते तर वारणाकाठचेच, वाटेगावचे. शाळा त्यांना एक-दोन दिवसांपलीकडे लाभली नाही. ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा त्यांचा नायक ज्या डोंगरदऱ्यांत वावरतो, त्या येथील वाचकांच्या पायाखालच्या आहेत. त्यांचे निवडक वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले आहे. त्यांची जयंती १ ऑगस्टला गावोगाव होते. प्रतिमापूजनाला हार आणले जातात, ध्वनिक्षेपक लावला जातो. त्याच खर्चात ‘फकिरा’च्या दोन प्रती येऊ शकतात, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात घ्यावे.

या पुस्तकांविषयी काही आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला भाषेचा. त्यांत शिव्या आहेत, भाषा अशुद्ध आहे, असे म्हटले जाते. शिव्या आहेत हे खरे. परंतु त्या लेखकाने कल्पनेने घातलेल्या नाहीत, त्याला ऐकाव्या लागलेल्या आहेत. भाषेचे म्हणाल, तर कैकाडी, बेरड, उचल्या यांच्या घरात मराठीहून वेगळी बोली असते. हे लेखक दुसऱ्या भाषेत शिकले आणि त्या भाषेत त्यांनी ग्रंथ लिहिले. शुद्धलेखनाच्या कसोटीवर त्यांना मागे सारणे हा करंटेपणा होय. दुसरा आक्षेप असा की, जुन्या जखमा कशाला उकरून काढावयाच्या? जखम भरली असेल तर पुस्तकाने ती उघडत नाही. भरली नसेल, तर पुस्तक कपाटाबाहेर ठेवल्यानेही ती भरत नाही.

तिसरा आक्षेप मुलांच्या संदर्भातला आहे आणि तो मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. ही पुस्तके प्रौढांसाठी लिहिलेली आहेत. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ‘अक्करमाशी’ किंवा ‘उचल्या’ सरसकट देता येणार नाही. मग मुलांच्या कपाटात काय ठेवावे? येथे यादी एकदम आखूड होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वंचित समाजांतील लेखकांनी मोठ्यांसाठी विपुल आणि अव्वल दर्जाचे लिहिले. मुलांसाठी फार थोडे. कारण उघड आहे. ज्यांचे स्वतःचे बालपण हिरावले गेले, त्यांना आधी त्याचा हिशेब मांडावयाचा होता.

तरीही हात रिकामे नाहीत. आठवी-नववीच्या मुलांना ‘माझा रशियाचा प्रवास’ हे अण्णाभाऊंचे छोटे पुस्तक द्यावे. शाळा न लाभलेला माणूस जग कसे पाहतो हे त्यांना आवडीने वाचता येईल. कागलच्या आनंद यादव यांचे ‘झोंबी’ (१९८७) याच वयासाठी योग्य. यादव भटक्या वा दलित समाजातले नव्हेत, परंतु शेतावर राबविण्यासाठी शाळेतून काढलेला आणि शाळेसाठी बापाशी झुंजणारा तो मुलगा याच जिल्ह्यातला आहे आणि त्याची बोली येथल्या मुलांच्या तोंडची आहे. साहित्य अकादमीने १९९० साली त्या पुस्तकाचा गौरव केला. आणखी एक लेखन प्रत्येक शाळेत वाचले गेले पाहिजे. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. मोठ्यांची आत्मकथने येण्याच्या सव्वाशे वर्षे आधी एका शाळकरी मुलीने हे लिहून ठेवले! निबंध लहान आहे, भाषा जुनी आहे. शिक्षकाने थांबत, अर्थ सांगत वाचून दाखवावा.

‘उपरा’, ‘गबाळ’ यांतील शाळेविषयीचे भागही निवडून वाचून दाखविता येतात. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. वर्गात त्या समाजाचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्याच्याकडे बोट दाखवून ‘हे तुमच्याविषयी आहे’ असे म्हणू नये, त्याला उभे करून घरची हकीकत विचारू नये. आपल्यासारख्याने पुस्तक लिहिले आहे, हे त्याला न सांगता समजते. त्याला बोलावेसे वाटले तर तो बोलेल, कदाचित त्या दिवशी नाही, चार महिन्यांनी.

मुलांचे कपाट रिकामे असल्याची ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेक्सिको, प्वेर्तो रिको इत्यादी स्पॅनिशभाषक प्रदेशांतून आलेल्या लोकांचा मोठा समाज आहे. त्यांना तेथे लॅटिनो म्हणतात. १९२१ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुरा बेलप्रे नावाची प्वेर्तो रिकोची तरुणी नोकरीस लागली. मुलांच्या विभागात जगभरच्या लोककथा होत्या, पण तिच्या आजीने सांगितलेली एकही नव्हती. तिने त्या कथा स्वतः सांगावयास सुरुवात केली, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही, कळसूत्री बाहुल्या घेऊन. १९३२ साली तिने झुरळीण मार्टिना आणि उंदीर पेरेस यांची कथा पुस्तकरूपाने आणली. ग्रंथालयात पूर्वी न फिरकणाऱ्या वस्तीतल्या आया मुलांना घेऊन येऊ लागल्या. आज लॅटिनो लेखकांच्या उत्कृष्ट बालपुस्तकांसाठी तेथे १९९६ पासून तिच्या नावाने पुरस्कार दिला जातो. कपाट रिकामे आहे असे दिसताच ते भरावयास घेतले, ते एका ग्रंथालय कर्मचाऱ्याने. ही बाब येथे उपस्थित ग्रंथपालांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

त्या समाजाची दोन पुस्तके तर कोल्हापूरच्या शिक्षकांनी मुद्दाम मिळवून वाचावीत. टोमास रिवेरा हा टेक्सासमधील स्थलांतरित शेतमजुरांचा मुलगा, पुढे एका विद्यापीठाचा कुलप्रमुख झाला. १९७१ साली त्याने स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या, इंग्रजी भाषांतरातही मिळणाऱ्या पुस्तकात पिकामागे हिंडणाऱ्या कुटुंबांतील मुलाचे एक वर्ष आहे. त्यातील एक कथा रणरणत्या उन्हात पाणी पिण्यासाठी कामावरून उठलेल्या मुलाची आहे. ती प्रौढांनीच वाचावी. फ्रान्सिस्को हिमेनेस याचे ‘द सर्किट’ (१९९७) मात्र सोप्या इंग्रजीत आहे आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनाही झेपेल. त्यात एका मुलाला नवे शिक्षक भेटतात, जेवणाच्या सुट्टीत त्याला वाचावयास शिकवितात आणि एके दिवशी ट्रम्पेट वाजविण्यास शिकविण्याचे कबूल करतात. मुलगा आनंदाने धावत घरी येतो, तो घरातले सारे सामान खोक्यांत भरून ठेवलेले. पीक संपले, निघावयाचे.

ही गोष्ट कॅलिफोर्नियाची. पण करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल येथे कोणत्या शिक्षकाला ती अपरिचित वाटेल? दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. उसाच्या फडाजवळ, कारखान्याच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. मुले काही दिवस शाळेत येतात, धाकटे भावंड सांभाळतात, वाढे गोळा करतात, आणि हंगाम संपला की बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून जातात. हिमेनेसच्या कथेतील शिक्षकाला मुलाच्या जाण्याची खबर मिळते की नाही, हे कथेत सांगितलेले नाही. येथील शिक्षकालाही ती बहुधा मोकळी कोपी पाहूनच मिळते.

या मुलांसाठी वाचनाची व्यवस्था करावयाची, तर ग्रंथालयाने त्यांच्या येण्याची वाट पाहून चालणार नाही. सभासदत्वाची अनामत त्यांच्याकडून मागण्यात अर्थ नाही; वर्गणी भरण्याइतका काळ ते गावात नसतात. एक पत्र्याची पेटी पुरे. तीत ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, चित्रांची पुस्तके, दोन-चार लोककथासंग्रह आणि मोठ्या मुलांसाठी ‘फकिरा’ची एक प्रत. पेटी कोप्यांच्या तळावर ठेवावी आणि टोळीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीकडे किल्ली द्यावी. चार पुस्तके हरवतील. ग्रंथालयाच्या ताळेबंदात तेवढ्या हानीस जागा करून ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीने हंगामाआधीच संमत करावा, म्हणजे ग्रंथपालावर भुर्दंड पडणार नाही.

आणि त्या पेटीत एक कोरी वहीही असावी. गोंधळी, वासुदेव, नंदीवाले, डोंबारी, कैकाडी यांच्या घरांतील आणि ऊसतोड टोळ्यांतील म्हाताऱ्या माणसांच्या कथा मुलांनी त्यांच्याच बोलीत तीत उतरवून घ्याव्यात. शिक्षकाने भाषा दुरुस्त करू नये. प्रत्येक कथेखाली सांगणाराचे नाव आणि गाव लिहावे, आणि हंगाम संपताना मूळ वही मुलांबरोबर जाऊ द्यावी. ग्रंथालयाने तिची नक्कल करून ठेवावी आणि ती बालविभागाच्या नोंदवहीत रीतसर दाखल क्रमांक देऊन चढवावी.